पाणी सांडलंय जरा

आपल्या गाडीच्या सीटा आपण स्वतः साफ कराव्यात असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. सोसायटीतला गाड्या धुणारा वरवर फडकं मारतो, बिस्किटांचा चुरा मुलं स्वतःच वेचून खातात... सिस्टीम व्यवस्थित चालू होती. गेल्या शनिवारी मात्र सकाळी साडेसहाला बादली घेऊन पार्किंगमध्ये अस्मादिक!

तर झालं असं की, शुक्रवारी बाबांना डॉक्टरकडे नेलं होतं. परतताना तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलो. घरी पोचल्यावर बाबा उतरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी सांडलंय जरा सीटवर."

बाटली माझ्या बाजूला होती. झाकण घट्ट लावलेलं.

"हो, झाकण ढिलं झालंय तिचं," मी म्हटलं.

रात्रीच जुना टॉवेल दाबून दाबून ओल टिपून घेतली. (घासायचं नाही मंडळी, घासलं की डाग पसरतो आणि आत जातो.) सकाळी एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी असं मिश्रण कापडाने लावलं. बादलीभर पाणी ओतायचा मोह आवरला, कारण कापडाखालचा फोम स्पंजासारखा पाणी पितो आणि मग कुबट वास सुटतो. ब्लीच तर अजिबात नको. व्हिनेगर किंवा लघवीशी त्याची गाठ पडली की विषारी वायू तयार होतो. सीटखाली पिवळं कनेक्टर दिसलं, त्याला हात लावला नाही. ती सहसा एअरबॅगची वायरिंग असते. सीट सुकल्यावर वर खायचा सोडा भुरभुरला, संध्याकाळी व्हॅक्यूमने ओढून घेतला. तरीही थोडा वास राहिलाच. शेवटी पाळीव प्राण्यांच्या दुकानातून एन्झाइमचा स्प्रे आणला. वास धरून ठेवणारं युरिक ॲसिड त्यानेच तुटतं.

ब्रश मारता मारता १९८८ साल आठवलं. भाड्याची फियाट, खंबाटकी घाट, आणि मागच्या सीटवर मी सात वर्षांचा, सगळं पोट रिकामं केलेला. रेक्झिनची सीट बाबांनी वर्तमानपत्राने आणि स्वतःच्या रुमालाने पुसली. ड्रायव्हर वैतागून मागे वळला, तेव्हा त्याला म्हणाले, "काही नाही हो, पाणी सांडलंय जरा."

बायको म्हणाली, "त्यांच्या सीटवर वॉटरप्रूफ शीट टाकू या का?" टाकायला हवीच होती. पण एकाच सीटवर टाकली असती तर बाबा पुन्हा गाडीत बसले नसते. म्हणाले असते, "मी रिक्षाने जातो, तुला कशाला त्रास." मग दोन्ही सीटांवर बसायच्या भागापुरती शीट टाकली, वर सारखेच निळे टॉवेल. पाठीचा भाग मोकळा ठेवला, कारण बाजूची एअरबॅग तिथूनच उघडते.

रविवारी बाबांना देवळात न्यायचं होतं. दार उघडून ते क्षणभर थांबले. टॉवेलवरून हात फिरवला. मग माझ्या सीटकडे पाहिलं.

"हे बरं केलंस," बसत म्हणाले. "उन्हाळ्यात घाम फार येतो."

"हो ना," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.