ज्येष्ठेची हनुवटी

मैत्रिणींनो, गौरीचा मुखवटा हातून निसटला की काळजात कसं धस्स होतं, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. मागच्या श्रावणात माळ्यावरून डबा उतरवताना आमच्या ज्येष्ठेचा मुखवटा माझ्याच हातून पडला. फायबरचा, म्हणून चक्काचूर झाला नाही. पण कानापासून गळ्यापर्यंत भेग गेली आणि हनुवटीचा टवका उडाला. "नवीन आणू," हे म्हणाले. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, नि तेच मला जास्त लागलं. पेणहून त्यांनी स्वतः निवडून आणलेली जोडी होती ती.

माझ्या शाळेच्या वाटेवर फायबरचे दरवाजे, टाक्या दुरुस्त करणारे एक मामा आहेत. ते म्हणाले, "बाई, भेग वरून बुजवू नका, मागून धरा." सगळी गोम त्यातच आहे. नुसती वरून लांबी भरली तर भेग पुन्हा उघडते. आधी भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढं सरकत नाही. मग आतली बाजू 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं खरखरीत करून अ‍ॅसिटोननं पुसली आणि काचेच्या धाग्यांच्या कापडाचे दोन तुकडे एपॉक्सीत भिजवून चिकटवले. एपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवलं की घट्ट होणारी खळ.

इथंच मी फसले! लवकर वाळावं म्हणून हार्डनर सढळ हातानं घातलं. विरजण जास्त घातलं की दही लवकर लागतं ना, तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाहते तो सगळं चिकट. डब्यावरचं प्रमाण तंतोतंत पाळावं लागतं; जास्तीचं हार्डनर तसंच मऊ राहतं. सगळं खरवडून पुन्हा केलं. आणि कालवायचं थोडंथोडंच, नाहीतर वाटीतच तापून दगड होतो. (वाटी अर्थातच फेकून द्यायची.)

हनुवटीसाठी त्याच एपॉक्सीत शंखजिऱ्याची पूड घालून श्रीखंडाइतकं दाट केलं. पावसाळी हवेत वाळलेल्या एपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो साबणपाण्यानं धुतल्यावाचून रंग धरत नाही. मग 120, 220 आणि शेवटी 400 नंबरचा पेपर, पाण्यात भिजवून. हातमोजे नि धुळीचा मास्क हवाच. काचेची धूळ फार खाजते.

रंगानं मात्र रडवलं. ओला असताना जुळायचा, वाळला की गडद! चौथ्या खेपेला जमला.

शेजारच्या काकूंनी विचारलंच, "खंडित मुखवटा बसवणार?" सासूबाई म्हणाल्या, "आवाहन केलं की गौर, तोवर मुखवटाच तो. आणि आता खंडित कुठं आहे?"

जेवायला आलेल्या सवाष्णींपैकी कुणाला काही कळलं नाही. विसर्जनानंतर मुखवटे डब्यात ठेवताना सासूबाईंनी हनुवटीवरून बोट फिरवलं नि मला म्हणाल्या, "डावीकडं जरा उंचवटा राहिलाय हं."