बाबा आणि बफेलो नदी

बाबांना अमेरिकेत येऊन दीड महिना झाला होता. आई गेल्यावर दोन वर्षे ते भंडाऱ्याच्या घरी एकटेच राहत होते, म्हणून मी आग्रहाने बोलावून घेतले. मनात हेतू हा, की त्यांनी परत जायची घाई करू नये. आर्कान्सा राज्यात बेंटनव्हिल गावी माझी नोकरी आहे. वॉलमार्ट कंपनीचे मुख्य कार्यालय याच गावात, त्यामुळे संगणकाच्या कामावर आलेली आपली माणसेही इथे आढळतात. पण दिवसा सगळे कामावर. एस.टी. डेपोत तीस वर्षे इंजिने खोललेला माणूस खिडकीतून रस्ता पाहत बसे, आणि रस्त्यावर चिटपाखरू नसे. एक दिवस मला म्हणाले, "बाई, इथं नदी नाही का?"

नदी होती. मोटारीने सव्वादोन तासांवर बफेलो नदी. सुमारे १५० मैल लांबीची ही नदी १९७२ साली अमेरिकेच्या संसदेने 'राष्ट्रीय नदी' ठरवली. त्या देशात असा दर्जा मिळालेली ही पहिलीच. तिच्यावर धरण नाही, त्यामुळे पाणी सगळे पावसाच्या भरवशावर. भर उन्हाळ्यात वरच्या भागात नाव गोट्यांना घासते. म्हणून जाणारे एप्रिल-मे साधतात. आम्हीही एप्रिलचा शेवटचा शनिवार धरला. मासेमारीचा परवाना दोघांचाही काढला. बाबांना याचे नवल वाटले. "गरी टाकायला सरकारचा कागद?" एवढेच बोलले. निघताना शिदोरीत आंब्याच्या लोणच्याची बरणी ठेवली होती. नदीवर काच न्यायला बंदी आहे असे मी सांगितल्यावर ते लोणचे त्यांनी प्लॅस्टिकच्या डब्यात काढले आणि म्हणाले, "हा नियम चांगला हाय."

टायलर बेंड या ठिकाणी आम्ही नाव पाण्यात घातली. तिथून गिल्बर्ट हे खेडे पाण्याच्या वाटेने पाच-सहा मैल. कॅनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, हलकी, अरुंद नाव. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हा तर आपला डोंगाच." वैनगंगेवर ढिवरांचे डोंगे त्यांनी लहानपणी चालवलेले. त्यामुळे मागे कोण बसणार यावर थोडी हुज्जत झाली, कारण नाव वळवणारा मागे बसतो. शेवटी मागे मी बसले. त्याची शिक्षा पहिल्याच वळणावर मिळाली. धार आम्हाला आडवे करून एका पडलेल्या झाडाकडे घेऊन चालली. बाबांनी न बोलता वल्हे तळाला रोवून नाव सोडवली. मग गोट्यांच्या बेटावर उतरून आम्ही जागा बदलल्या. त्यावर ते दिवसभरात एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पाणी हिरवट, इतके नितळ की तळाचे गोटे मोजावेत. काठाला सायकमोरची पांढऱ्या खोडांची झाडे, मधूनच चुनखडीचे उंच कडे. भंडाऱ्याला त्या दिवसांत अंग भाजत असते. इथे पाण्यात हात घातला तर बोटे आखडत होती.

आम्हाला हवा होता तो स्मॉलमाउथ बास. तपकिरी पितळी रंग, अंगावर उभे पट्टे, डोळे लालसर. वाहत्या, थंड, स्वच्छ पाण्यात राहतो. त्याचे आवडते खाणे क्रॉफिश, म्हणजे झिंग्यासारखा जीव, पण पुढे खेकड्याच्या नांग्या. त्याच आकाराचे रबरी आमिष मी आणले होते. बाबांनी ते चिमटीत धरून पाहिले आणि गांडुळाची चौकशी केली.

दुपारी एका संथ डोहाच्या काठाशी बाबांनी वल्हे थांबवले. हातभर रुंद, झाडून काढल्यासारखा गोट्यांचा एक गोल तळाशी दिसत होता आणि त्यावर एक मासा स्थिर उभा. मी गळ टाकला. मासा तीरासारखा आला, आमिष तोंडात धरले, पाण्याबाहेर दोनदा उसळला. चांगला वीतभराहून मोठा. मी आनंदाने ओरडले. बाबा म्हणाले, "सोड त्याले. आधी सोड."

मी वाचले होते ते त्यांनी नुसते पाहून ओळखले होते. या माशात नर शेपटीने गोटे झाडून घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते. मग अंड्यांची आणि नंतर पिलांची राखण एकटा नर करतो. तो मिनिटभर हलला तरी दुसरे मासे अंडी फस्त करतात. मी गळ काढून मासा पाण्यात सोडला. तो सरळ त्या गोलावर जाऊन उभा राहिला.

"आपली मरळ बी अशीच," बाबा म्हणाले. "लाल पिलांचा थवा वर दिसला का खाली मरळ असते. त्या दिवसांत माझा बाप गरीला हात लावू देत नसे. घरात भाजी नसली तरी."

पुढे हमरस्त्याच्या पुलाखालून गेल्यावर मी त्यांना या नदीची कथा सांगितली. लष्कराच्या इंजिनिअर खात्याने इथे दोन धरणे योजली होती, त्यातले एक गिल्बर्टजवळ. आमच्याच बेंटनव्हिलचे डॉक्टर नील कॉम्प्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६२ साली ओझार्क सोसायटी काढून विरोध केला. १९६५ साली गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनीही धरणाविरुद्ध पत्र लिहिले. हेच फॉबस १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेच्या दारात नऊ काळ्या मुलांना अडवायला सैनिक उभे करणारे. नदीवर दया आली, पोरांवर नाही. धरणे रद्द झाली.

बाबा बराच वेळ गप्प होते. त्यांचे जन्मगाव पवनी तालुक्यातले. १९८८ साली गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, आणि पुढे पाणी चढले तेव्हा ते गाव, तो घाट, त्यांची मरळीची जागा, सगळे खाली गेले.

"मंग इथली माणसं राहिली ना जागेवर?" त्यांनी विचारले. सकाळीच त्यांनी टायलर बेंडला कोलियर कुटुंबाचे ओंडक्यांचे जुने घर पाहिले होते, जपून ठेवलेले, रिकामे.

खरे ते सांगावे लागले. नदी राष्ट्रीय करताना सरकारने काठच्या जमिनी घेतल्या. काहींनी विकल्या, काहींच्या सक्तीने गेल्या, काहींना हयातभर राहायची मुभा मिळाली. काठच्या कित्येकांना धरणही नको होते आणि उद्यानही.

"म्हणजे धरण नाही झालं तरी माणूस उठतेच," बाबा म्हणाले आणि वल्हे मारू लागले.

गिल्बर्टच्या गोट्यांच्या काठावर नाव ओढून आम्ही भाकरी आणि लोणचे खाल्ले. तिथेच मी विषय काढला. म्हटले, "बाबा, तिकीट पुढे ढकलू का? तिकडे एकटे राहून काय करणार?"

त्यांनी एक पांढरा गोटा उचलला होता. इथला दगडही नेता येत नाही हे सांगितल्यावर त्यांनी तो होता तिथे ठेवला.

"मी तं जाईन बाई. पावसाळ्यात तू ये. जुलैत. बॅकवॉटरच्या कडेनं मरळीची पिलं निघतात. जागा नवी हाय, पण मले सापडली."

घरी परतताना ते मोटारीत झोपले. मी मनात रजा मोजत होते. बारा दिवस शिल्लक होत्या.