आलेखवहीतली रांग

बंद रांगांच्या जाळ्याचं गणित आमची पिढी आलेखवहीत शिकली. जाळं बंद, म्हणजे बाहेरून कुणी येत नाही, आतलं कुणी जात नाही. ठरावीक कामं सीपीयू आणि डिस्क अशा केंद्रांमध्ये फिरत राहतात. जेफ्री बुझेन यांची १९७३ची रीत जणू त्या वहीसाठीच बेतलेली होती. प्रत्येक केंद्राला एक स्तंभ, कामांच्या प्रत्येक संख्येला एक ओळ. वरच्या आकड्याला त्या केंद्राच्या भाराने गुणायचं, त्यात डावीकडचा आकडा मिळवायचा आणि पुढच्या चौकटीकडे सरकायचं. पाच केंद्रं आणि वीस कामं असली की जाळ्याच्या शक्य अवस्था होतात १०,६२६. तक्त्यात चौकटी मात्र शंभरच. शेवटच्या स्तंभातले शेवटचे दोन आकडे एकमेकांनी भागले की साऱ्या यंत्रणेचा वेग हाती यायचा. त्या भागाकाराचा आनंद मी विसरलेलो नाही.

हे सगळं सेवाकाळ, म्हणजे केंद्रावर एका कामाला लागणारा वेळ, घातांकी मानला तर. गॉर्डन आणि न्यूवेल यांनी १९६७ साली तेच गृहीत धरलं होतं. खऱ्या यंत्रावरची कामं मात्र तशी नसतात. बरीचशी चुटकीसरशी संपतात, एखादं तासभर अडून बसतं. १९७५ साली बास्केट, चँडी, मुंट्झ आणि पलासिओस यांनी दाखवलं, की सीपीयू सर्व कामांत सारखा वाटला जात असेल तर सेवाकाळाचा आकार कसाही असो, उत्तर त्याच्या सरासरीवरच ठरतं. यांतले मणी चँडी आयआयटी मद्रासचे, याचं आम्हाला फार अप्रूप. पण जो आधी आला त्याचं काम आधी, असा नियम लावला की हे सुंदर सूत्र मोडतं. मग रेमंड मारी यांची १९७९ची पद्धत: प्रत्येक केंद्र सुटं काढायचं, तिथल्या गर्दीनुसार बदलणारा आवक-दर लावायचा, आणि सगळ्या केंद्रांचे हिशेब एकमेकांशी जुळेपर्यंत फेऱ्या मारत राहायचं. उत्तर अंदाजी असे, पण ते कुठून आलं हे बोट ठेवून सांगता येई.

आज मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात घडलेलं जेएमटी हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माउसने जाळं काढा, सेवाकाळाचं हवं ते वितरण निवडा. लॅपटॉप लाखो कामं फिरवून आकडा देतो. ही सोय आम्हाला मिळाली असती तर आम्ही नाचलोच असतो. तरीही एक गोष्ट निसटली आहे, असं मला ठामपणे वाटतं. जाळ्यात एकच काम असेल तर सेवाकाळाच्या चढउताराने वेगावर काहीच परिणाम होत नाही, कारण थांबायला पुढे कुणी नसतंच. कामं अफाट वाढवली की सर्वात संथ केंद्रच वेग ठरवतं, तिथेही चढउतार जवळजवळ निष्प्रभ. त्याचा खरा जोर दिसतो मधल्या पट्ट्यात. वहीत ओळीमागून ओळ भरताना ही दोन टोकं आपोआप नजरेत भरायची. सिम्युलेशन तुम्ही विचारलेल्या एकाच बिंदूचं उत्तर देतं.

आज ठरावीक वापरकर्ते लावून सर्व्हरची भारचाचणी करणारा प्रत्येक जण हेच बंद जाळं चालवत असतो. अशा तरुण मित्रांना माझी विनंती आहे: तीन केंद्रं आणि चार कामं घेऊन बुझेनचा तक्ता एकदा हाताने भरा, आणि मगच सिम्युलेशनचं बटण दाबा.