निगेटिव्ह

ताईच्या फाइलमध्ये तो कागद अजून आहे. एचपीव्ही डीएनए : निगेटिव्ह. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या त्या तपासणीला तिला मीच ओढून नेलं होतं आणि ‘आता पाच वर्षं घोर नाही’ असं सांगणारीही मीच.

वर्षाच्या आत तिच्या अंगावरून पाणी जायला लागलं. पांढरं नव्हे, पाणीच. वास नाही, खाज नाही. दिवसाला चार-पाच पॅड. लग्नकार्याला जाताना पिशवीत जादाचा परकर. डॉक्टरीणबाईंनी तो कागद पाहिला, म्हणाल्या, ‘निगेटिव्ह आहे ना? मग काही नाही.’ गोळ्या दिल्या. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला ताई आपणहून म्हणाली, ‘एकदा आतून बघता का?’ तर म्हणाल्या, ‘रिपोर्ट चांगला असताना कशाला उगीच?’ सात महिने! सात महिन्यांत एकदाही तिला टेबलावर घेऊन तपासलं नाही. रिपोर्ट खोटा नव्हता, विषाणू खरोखरच नव्हता. पण पाणी जात होतं ना? त्याचं काय?

शेवटी सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांच्या हाताला गर्भपिशवीचं तोंड कडक, फुगलेलं लागलं. बायोप्सीत निघालं गॅस्ट्रिक टाइप अ‍ॅडिनोकार्सिनोमा. या कॅन्सरच्या पेशी जठराच्या अस्तरातल्यासारखा स्राव करतात, म्हणून ते पाणी. गाठ आतल्या नळीत वाढते, म्हणून वरून बरेच दिवस साफ दिसतं. गर्भाशयमुखाच्या शंभरातले पाच-दहा कॅन्सर असे एचपीव्हीशिवायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या वर्गीकरणात त्यांचा वेगळा गटच आहे. मग ताईच्या वेळी तो कुणालाच कसा आठवला नाही?

केमो, शेक सुरू झाले. नात्यातल्या बायका कुजबुजल्या, ‘हा रोग संबंधांतून होतो म्हणे.’ तेव्हा तोच कागद मी त्यांच्यापुढे नाचवला. ज्याच्यावर इतकी चिडले होते, तोच! रात्री ताई म्हणाली, ‘पॉझिटिव्ह आला असता, तर मी वाईट ठरले असते का गं?’ मला बोलता येईना.

तपासणीच नको, असंही वाटून गेलं. पण शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ साली छापून आलं. त्या बायका आमच्यासारख्याच, खेड्यातल्या. म्हणून मी अजूनही बायकांना तपासणीला नेते. पाच वर्षांचं मात्र बोलत नाही. अंगावरून काही वेगळं जात असेल, तर म्हणते, रिपोर्ट पिशवीतच राहू दे, आधी आतून तपासून घे.