चिठ्ठी आणि वही

दुकानात नवा माल आला की जाणता व्यापारी तो जुन्या मालाशेजारी ठेवून पारखतो. औषधाच्या बाबतीत मात्र ही सवय सुटते. अमक्यांना या काढ्याने गुण आला, एवढे कानी पडताच घरोघरी तो काढा सुरू होतो. काढा न घेताही त्यांतील किती जण बरे झाले असते, हे कोणी विचारत नाही.

वैद्यकाला हा प्रश्न शिस्तीने विचारायला शिकवणाऱ्यांत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल अग्रणी होते. पहिल्या महायुद्धात वैमानिक असताना त्यांना क्षय जडला आणि डॉक्टर होण्याचा मनोदय सोडावा लागला. आजारपणात पत्राद्वारे अर्थशास्त्राची पदवी मिळवून ते पुढे संख्याशास्त्राकडे वळले.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन आले. ब्रिटनकडे त्याचा साठा तुटपुंजा होता. निवड डॉक्टरांवर सोडली असती तर दया, ओळख किंवा आशा यांनी पारडे झुकले असते. म्हणून कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवून बंद लिफाफ्यांत ठेवले गेले. ५५ रुग्णांना औषध व विश्रांती मिळाली. ५२ जणांना त्या काळी रूढ असलेली केवळ विश्रांती. क्ष-किरण चित्रे तपासणाऱ्यांना रुग्णाचा गट ठाऊक नव्हता. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४, तर दुसऱ्या गटात १४ मृत्यू झाले. १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

परंतु प्रत्येक प्रश्न चिठ्ठीने सुटत नाही. धूम्रपानाने कर्करोग होतो का, हे पाहण्यासाठी कोणाच्या हाती सिगारेट देणार? तेथे जे घडले त्याची नोंद ठेवणे एवढेच हाती उरते. रिचर्ड डॉल यांच्यासह हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि त्याच वयोगटातील तितकेच अन्य रुग्ण यांच्या सवयी विचारल्या. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे अवघे २ होते; दुसऱ्या बाजूच्या ६४९ पुरुषांत २७. हे १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही, कारण दुसरेच असेल, ही शंका उरली. म्हणून १९५१ पासून त्यांनी हजारो ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयींची वही मांडली आणि वर्षानुवर्षे जमाखर्च पाहिला. सिगारेटी जितक्या अधिक, तितके या रोगाचे मृत्यू अधिक, असे दिसून आले.

चिठ्ठीमुळे दोन्ही गट मुळातच सारखे होतात. वहीत तो सारखेपणा शोधावा लागतो, म्हणून तिचा निष्कर्ष अधिक सावधपणे घ्यावा लागतो.

क्षयाच्या चाचणीतील त्या ५२ जणांना आपण चाचणीत आहोत, हे सांगितले गेले नव्हते. आज रुग्णाची संमती हा अशा चाचणीचा पाया मानला जातो. घरातील कोणाला तशी विचारणा झाली, तर सही करण्यापूर्वी विचारावे: तुलना कशाशी आहे, गट कोण ठरवणार, आणि मध्येच बाहेर पडता येईल ना? हे विचारण्यात अविश्वास नाही. तो रुग्णाचा हक्क आहे.