चुका काढणारे आणि चुका सांभाळणारे



सिनेमातल्या चुका काढणे सोपे असते. त्या चुका चुकाच नव्हेत, हे पटवून देणे मात्र मोठे कष्टाचे काम! आम्ही याच शाळेतून बाहेर पडलेले पाच वर्गमित्र हा उद्योग बरीच वर्षे करीत आलो आहोत. इंदूरला एकत्र जमलो, की पोहे-जिलबीबरोबर ‘स्टार वॉर्स’मधील अंतराळयुद्धे निघतातच.

जॉर्ज लुकास यांचा हा चित्रपट १९७७ साली आला. युद्धाची दृश्ये कशी हवीत हे समजावण्यासाठी लुकास यांनी दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या लढायांची चित्रे जोडून दाखवली होती. त्यामुळे त्यांची याने विमानासारखी कलून वळतात. विमान कलते ते हवेच्या आधाराने. अंतराळात हवा कुठली? चाहते म्हणतात, वळताना झटका वैमानिकाला बाजूने न बसता खुर्चीच्या दिशेने बसावा, म्हणून तो यान कलवतो. वा! उत्तर विचार करण्याजोगे आहे.

आवाजाचेही तसेच. निर्वात पोकळीत ध्वनी जात नाही, हे आपण आठवी-नववीत शिकतो. पडद्यावर मात्र स्फोटांनी कान किटतात. चाहत्यांचे उत्तर असे, की शत्रू कुठे आहे हे वैमानिकाला कळावे म्हणून यानातला संगणकच तो आवाज तयार करतो. आमच्यातला एक लगेच विचारतो, “अरे, पण आपण तर यानाच्या बाहेरून पाहतोय, मग आपल्याला कसा ऐकू येतो?” यावर सगळे चूप!

सर्वांत गाजलेले प्रकरण पार्सेकचे. हान सोलो फुशारकी मारतो, की आपल्या यानाने केसेलची फेरी बारा पार्सेकपेक्षा कमीत मारली. पार्सेक हे वेळेचे नव्हे, अंतराचे एकक आहे. एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे. इंदूरहून उज्जैनला ‘अवघ्या तीस किलोमीटरात’ पोहोचलो, असे म्हणण्यासारखे हे झाले. चाहत्यांनी तोड काढली, की वाटेत कृष्णविवरे आहेत. इतर लोक लांबून वळसा घालतात, सोलो धाडस करून त्यांच्या जवळून गेला, म्हणून त्याचे अंतरच कमी भरले. पुढे २०१८ साली आलेल्या ‘सोलो’ या चित्रपटात ही फेरी जवळच्या, धोक्याच्या वाटेने मारलेलीच दाखवली आहे.

२०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये यानातून बाँब खाली ‘पडतात’. यावरही खूप हसू झाले. पण यानाच्या आत कृत्रिम गुरुत्वाकर्षण असेल, तर बाँबला आतच वेग मिळेल आणि बाहेर पडल्यावर तो त्याच वेगाने सरळ जात राहील. हा न्यूटनचा पहिला नियम! आम्हाला विचाराल तर सगळ्यांत चोख उत्तर हेच.

पालक म्हणतील, या रिकाम्या गप्पांचा मुलांना काय उपयोग? उपयोग आहे, आणि धोकाही आहे. उपयोग असा, की उत्तर शोधताना पुस्तक उघडावेच लागते. धोका असा, की चाहत्याचा निकाल आधीच ठरलेला असतो. सिनेमा चुकला, असे म्हणायचेच नाही!

खऱ्या विज्ञानातही हे दोन्ही घडले आहे. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी पलीकडे अज्ञात ग्रह असल्याचे सांगितले. १८४६ साली त्यांनी दाखवलेल्या जागेजवळच नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही फरक आढळला. ल व्हेरिए यांनी पुन्हा तसाच एक ग्रह सुचवला. त्याचे व्हल्कन असे नावही ठरले. लोकांनी अनेक वर्षे तो शोधला. पण तो नव्हताच. १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने तो फरक उलगडला. कमी पडत होता तो न्यूटनचा नियम. दोन्ही वेळी तोड एकाच पद्धतीची होती. खरी कोणती आणि खोटी कोणती, ते दुर्बिणीने आकाशात पाहिल्यावरच कळले.

हे सांगण्याचे कारण तुमची प्रयोगवही. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ यावे म्हणून रीडिंग मागून भरण्याची रीत पुष्कळ ठिकाणी चालते. तेही चाहत्यासारखेच. निकाल आधी, आकडे नंतर. आमच्यातला एक जण आज बांधकामाचे काँक्रीट तपासतो. २८ दिवस पाण्यात ठेवलेला काँक्रीटचा ठोकळा यंत्रात दाबून फोडायचा आणि किती भार सोसला ते लिहायचे. ठोकळा लवकर फुटला, तर तोच आकडा लिहावा लागतो. “यंत्र बिघडले असेल” ही तोड तिथे चालत नाही. आधी यंत्र तपासून पाहावे लागते, कारण त्या स्लॅबखाली उद्या माणसे राहणार असतात.

विश्वस्त मंडळींना आमची एक विनंती आहे. प्रात्यक्षिकात ९.३ आले आणि मुलाने ते तसेच लिहून फरक का पडला असेल ते सांगितले, तर त्याला पूर्ण गुण मिळावेत, असे शाळेने ठरवावे.

आणि मुलांनो, सिनेमा जरूर पाहा. त्याची बाजू घेऊन भांडासुद्धा. फक्त आपली तोड खोटी ठरली, हे कशावरून कळेल, तेवढे आधी ठरवून घ्या.