निऱ्या मागे, दादा!

मुलांनो, तुमच्या शाळेतले सर चौकटीचौकटींचा घागरा घालून, उघड्या गुडघ्यांनी भर रस्त्यातून चाललेले दिसले तर तुम्ही काय कराल? हसाल ना? मग हसून घ्या! कारण गेल्या मे महिन्यात मी अगदी तसाच चाललो. तेही दिवसाढवळ्या, एडिंबरा शहरात!

एडिंबरा ही स्कॉटलंडची राजधानी. माझा धाकटा भाऊ तिथे नोकरी करतो. तिथल्याच एका मुलीशी त्याचं लग्न ठरलं आणि साताऱ्याजवळच्या खेड्यात चौथीला शिकवणारा मी विमानात बसून तिकडे पोहोचलो. लग्नाच्या आदल्या दिवशी भावाने एक भली मोठी पिशवी माझ्यापुढे ठेवली.

"दादा, उद्या आपल्याकडच्या सगळ्या पुरुषांनी किल्ट घालायचा. तुझ्या मापाचा भाड्याने आणलाय."

माझ्या पोटात गोळाच आला.

किल्टला घागरा म्हटलेलं तिथल्या माणसांना मुळीच खपत नाही बरं का! हा पुरुषांचा पोशाख. चांगल्या किल्टला लोकरीचं आठ वार कापड लागतं. म्हणजे आपली नऊवारी, तर त्यांची आठवारी! कापडावर रंगीत पट्ट्यांची उभी-आडवी नक्षी विणलेली असते, तिला 'टार्टन' म्हणतात. घराण्यांची, गावांची, पलटणींची टार्टनं निरनिराळी. त्यांची नोंद ठेवायला २००९ पासून तिथे सरकारी नोंदवही आहे. किल्टला खिसा नसतो, म्हणून पुढे चामड्याचा बटवा लटकवतात, तो 'स्पोरन'. पायांत गुडघ्याखालपर्यंत लोकरी मोजे. मोज्यात एक छोटी सुरीसुद्धा खोचतात. मी ती खोचली नाही. मास्तराला खडू पुरे!

दुसऱ्या दिवशी सकाळी दार लावून मी किल्ट गुंडाळला. पट्टे आवळले, निऱ्या नीट केल्या आणि ऐटीत बाहेर आलो. भाऊ पोट धरून हसायला लागला.

"दादा, अरे निऱ्या मागे! पुढे सपाट भाग हवा!"

आता तुम्हीच सांगा, धोतर असो की लुगडं, आपल्या डोळ्यांना निऱ्या पुढेच पाहायची सवय. माझा काय दोष? गुपचूप आत जाऊन किल्ट फिरवून घेतला.

खरी परीक्षा रस्त्यावर होती. बसथांब्यापर्यंतची पाच मिनिटं मला पाच तासांसारखी वाटली. समोरून येणारा प्रत्येक माणूस माझ्या गुडघ्यांकडेच बघतोय असं वाटे. आणि तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो.

मी पाचवीत तालुक्याच्या शाळेत जायला लागलो होतो. एकदा डबा घरी विसरला. आजोबा चार मैल चालत तो घेऊन आले. गुडघ्यापर्यंत खोचलेलं मळकं धोतर, डोक्याला पागोटं, पायांत धुळीने भरलेल्या वहाणा. वर्गातली मुलं फिदीफिदी हसली. "कोण रे हे?" एकाने विचारलं. मी म्हणालो, "आमच्या शेजारचे आहेत."

आजोबांनी ते ऐकलं. काही बोलले नाहीत. डबा पायरीवर ठेवला आणि परत फिरले. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

बसमध्ये मी भावाला हळूच म्हणालो, "लोक हसत असतील रे!"

"दादा," तो म्हणाला, "हा पोशाख घातला म्हणून इथे माणसांना तुरुंगात टाकायचे, ठाऊक आहे?"

मग त्याने सांगितलं. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर मोठी लढाई झाली. राजाविरुद्ध उठलेल्यांचा तिथे पराभव झाला. त्यांच्यात डोंगराळ भागातले, म्हणजे हायलँडमधले लोक पुष्कळ होते. त्यांचा कणा मोडायचा म्हणून सरकारने अनेक कायदे केले. त्यांतला एक या पोशाखावरच होता! सैन्यातले लोक सोडून कुणाही पुरुषाने, अगदी लहान मुलानेसुद्धा, किल्ट घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद. पुन्हा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी! हा कायदा १७८२ साली रद्द झाला. आणि गंमत बघा, १८२२ मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबऱ्याला आला तो स्वतःच किल्ट घालून मिरवला. ज्याच्या राज्यात बंदी आली त्या दुसऱ्या जॉर्जचा हा पणतू!

बसमधून उतरून आम्ही नॉर्थ ब्रिजवर आलो. या पुलाखाली चक्क रेल्वे स्टेशन आहे. एका बाजूला विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावरचा किल्ला दिसतो. पण मी कसला किल्ला बघतोय! पुलावर असा सोसाट्याचा वारा की मी दोन्ही हातांनी किल्ट घट्ट धरून उभा. पण आठ वार लोकरीचं वजन केवढं! निऱ्या जराशा हलल्या आणि पुन्हा जागच्या जागी बसल्या.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर थांबले. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे निरखून पाहिलं. आता हसणार, असं म्हणून मी मान खाली घातली. ते मात्र वाकले आणि किल्टला लावलेल्या पिनेकडे बोट दाखवून म्हणाले, "ही दोन्ही पदरांतून घालू नका. फक्त वरच्या पदराला लावा, नाहीतर कापड फाटेल." मी पीन काढून नीट लावली. त्यांनी मान डोलावली, "छान दिसतोय" म्हणाले आणि आपल्या वाटेने गेले.

बस्स, एवढंच! त्यानंतर मी किल्ट हातात धरला नाही. लग्न लागलं, संध्याकाळी सगळे हात धरून नाचले, मीही नाचलो. सोमवारी किल्ट दुकानात परत गेला.

मुलांनो, त्या म्हाताऱ्या गृहस्थांसारखं कुणी आमच्या वर्गात असतं तर? निदान मी तरी असायला हवा होतो. आज आजोबा नाहीत, त्यामुळे माफी मागायची राहूनच गेली.

गावी परतल्यावर मी त्यांची जुनी ट्रंक उघडली. तळाशी एक धोतर निघालं, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं. येत्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला मी ते नेसून जाणार आहे. पोरं हसतील, हसू देत. कुणी विचारलं, "सर, हे कुणाचं?" तर या वेळी खरं उत्तर देईन.

आणि हो, निऱ्या पुढेच घालीन!